पाच किलोमीटरचा दगड

सम्यक रजेवर आला त्या दिवसापासून प्रसेनजीत कुरणेला जेवण गोड लागेना. बायकोला त्यानं पित्त झाल्याचं सांगितलं. सोनमनं दोन दिवस कोकमाचं सरबत दिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट पुढ्यात सरकवत म्हणाली, "हे पित्त लई शिस्तीचं हाय. पुतण्याचा आवाज अंगणात आला की बरोबर वर येतंय."

"गप जेव."

"मी जेवतोय की. तुमची भाकरी गार झाली, ती बघा."

बाहेर अंगणात सम्यक आजोबांना पलटणीतल्या गमती सांगत होता, आणि ते, म्हणजे प्रसेनजीतचे वडील केरबाआण्णा, खोकला लागेपर्यंत हसत होते. प्रसेनजीत भाकरीचा तुकडा हातात घेऊन ऐकत राहिला. सतरा वर्षं नोकरी करून तो हवालदार म्हणून घरी आला होता. त्या सतरा वर्षांत किती वेळा रजेवर आला असेल. पण आण्णा असे हसल्याचं त्याला आठवेना. त्याच्याशी ते फक्त पगार, बदली आणि उसाची पाणीपाळी एवढंच बोलत.

सम्यक म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर, पाळी संपली की घरी येऊन झोपणार, त्यामुळे पोराला वाढवलं ते मीनाबाई वहिनींनी, आणि पळायला शिकवलं ते काकानं. हातकणंगल्याच्या अलीकडच्या ह्या गावात प्रसेनजीत दिवसा सूतगिरणीच्या गेटवर सुरक्षारक्षक होता आणि पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीच्या पोरांचा 'सर'. त्याच्या हाताखालून पोलिसात गेलेली, राखीव दलात गेलेली, फौजेत लागलेली पोरं गावात मोप होती. कुणी भरती झालं की हलगी वाजायची, निळा गुलाल उधळला जायचा, आणि प्रसेनजीत पेढा खाऊन मनापासून पाठ थोपटायचा. त्या पोरांबद्दल त्याच्या पोटात कधी काही दुखलं नव्हतं.

पण सम्यकनं पॅरासाठी नाव दिलं होतं.

पॅरा म्हणजे विमानातून छत्री बांधून उतरणारी पलटण. डोक्यावर मरून टोपी, छातीवर पंख. लोकांना वाटतं, तिथं जायला उडी मारायची छाती लागते. लागतेच, पण ती पुढची गोष्ट. आधी पाय लागतात. अंगावर पूर्ण सामान, हातात रायफल, आणि पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांच्या आत. हे झालं की त्यापुढं दहा, वीस, चाळीस किलोमीटरच्या दौडी. जो ह्यात बसत नाही त्याला विमान फक्त खालून दिसतं. त्याला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, आपल्या जुन्या पलटणीत परत पाठवतात.

प्रसेनजीतला असंच परत पाठवलं होतं. तेव्हा तो सम्यकच्याच वयाचा होता. दोरखंड चढला, भिंत ओलांडली, निशाणा लागला, सगळं झालं. पाच किलोमीटरला पंचवीस मिनिटं चाळीस सेकंद लागले. गावात येऊन त्यानं सांगितलं, गुडघा गेला. गावानं ते मानलं. न मानायला कारणच नव्हतं. कारण गावच्या रस्त्यावर तेच पाच किलोमीटर, पाठीवर तेवढंच वजन घेऊन, तो चोवीस मिनिटं दहा सेकंदांत पळाला होता. शेकडो लोकांनी ते बघितलं होतं. पाण्याच्या टाकीवर कुणीतरी तेव्हाच रंगानं लिहून ठेवलं होतं, 'प्रसेनजीत कुरणे, पाच कि.मी., चोवीस-दहा', आणि दर जयंतीला मंडळाची पोरं त्यावर नवा रंग चढवत. इतक्या वर्षांत ती वेळ कुणाला मोडता आली नव्हती. चहाच्या टपरीवर पाहुणा आला की त्याला सांगायचे, "पावणं, ह्यो प्रसेनजीत. गुडघ्यानं दगा दिला, न्हायतर ह्यो पॅराच हुता."

हे वाक्य ऐकलं की प्रसेनजीत मान खाली घालून हसायचा. ह्या वाक्यावर त्याचं उरलेलं आयुष्य आरामात जाणार होतं.

तेवढ्यात सम्यक आला.

आल्या आल्या चौकात फलक लागला. 'पॅरा कमांडो सम्यक कुरणे यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटोत सम्यकच्या डोक्यावर संगणकावर चिकटवलेली मरून टोपी, मागं विमान, विमानातून पडणाऱ्या छत्र्या, आणि अगदी खाली कोपऱ्यात बटणाएवढ्या गोलात प्रसेनजीत, मार्गदर्शक म्हणून. फोटोत त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते.

सम्यक फलक बघून लाजेनं लालेलाल झाला. "आरं गुंडू, अजून निवड झालेली न्हाय. काढ ते."

गुंडू म्हणजे तरुण मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "आज न्हाय तर उद्या हुणारच की. परत छपाईला हेलपाटा कोण घालणार?"

सगळे हसले. प्रसेनजीतही हसला, आणि घरी जाऊन त्यानं आरशासमोर डोळे पूर्ण उघडून बघितले.

रोज पहाटे काका-पुतण्या रस्त्यावर जात. सम्यकच्या पाठीवर वाळूची पिशवी, हातात रायफलीऐवजी वजन करून घेतलेला बाभळीचा दांडा. शेजारून प्रसेनजीत मोटारसायकलवर, गळ्यात स्टॉपवॉच. पाण्याच्या टाकीपासून निघायचं, विहाराला वळसा घालून इचलकरंजीच्या रस्त्याला लागायचं, आणि सूतगिरणीच्या कमानीच्या अलीकडं एक चुन्यानं रंगवलेला दगड होता, त्यावर तांबड्या रंगात '५' काढलेला, तिथं थांबायचं. सम्यक पळायचा तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज फारसा यायचा नाही. पाऊल टेकलं की उचललं. प्रसेनजीतचे बूट धपाधपा वाजायचे, त्याला अजून आठवत होतं. तो मोटारसायकलवरून त्या पोटऱ्यांकडं बघायचा आणि त्याला वाटायचं, ह्या आपल्याच घराण्याच्या पोटऱ्या आहेत, मग आपल्या वाट्याला आल्या त्या अशा का नव्हत्या?

पहिल्या आठवड्यातच सम्यक चोवीस मिनिटं वीस सेकंदांपर्यंत आला. टाकीवरचा आकडा आता फक्त दहा सेकंद लांब होता.

एका सकाळी पळून झाल्यावर दोघं गिरणीसमोरच्या टपरीवर चहाला थांबले. सम्यक घाम पुसत म्हणाला, "काका, एक विचारू? हसायचं न्हाय."

"विचार की."

"पलटणीत मी पंचविसाच्या आत येतच न्हाय ओ. साडेपंचवीस, लई झालं तर पंचवीस वीस. गावात आलो की चोवीसला टेकतोय. तेच पाय, तेवढंच वजन. असं कसं?"

प्रसेनजीतच्या ओठाला चहाचा ग्लास तसाच राहिला. कारण ह्याचं उत्तर त्याला माहीत होतं. सगळ्या गावात त्याला एकट्यालाच माहीत होतं.

तो दगड चुकीच्या जागी होता.

दगड बसवला होता केरबाआण्णांनी. तेही महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. गावातल्या पोरांना सरावासाठी म्हणून त्यांनी आपल्या राजदूत मोटारसायकलनं रस्ता मोजला. काट्यात पाच किलोमीटर भरले तिथं दगड पुरला आणि वर आकडा काढला. गावात ही मोजणी म्हणजे सरकारी मोजणीपेक्षा वरचढ. पण त्या राजदूतचं पुढचं चाक कधीकाळी अपघातात वाकलं होतं, आणि जयसिंगपूरच्या भंगारबाजारातून आण्णांनी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं, जरा लहान चाक आणून बसवलं होतं. म्हशीनं पाणी प्यायला मान खाली घालावी तशी ती गाडी दिसायची, आणि गाव तिला म्हणायचंही 'आण्णांची म्हस'. त्या गाडीचा किलोमीटरचा काटा पुढच्या चाकावर चालतो. चाक लहान, म्हणजे तेवढ्याच रस्त्याला ते जास्त वेळा फिरणार, आणि काटा समजणार की गाडी जास्त चालली. गाडीच्या चेष्टा सगळ्यांनी केल्या, पण चाक आणि दगड ह्यांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही.

अलीकडं पोरांच्या मोबाइलमध्ये अंतर मोजता येऊ लागलं. एक-दोघांनी 'सर, हे चार सातशेच दाखवतंय' म्हणून मोबाइल पुढं केला होता. तेव्हा प्रसेनजीतच म्हणाला होता, "दोन्ही बाजूला ऊस. उसात रेंज असती व्हय?" पोरांना ते पटलं. गावात मोबाइलपेक्षा आण्णांवर विश्वास जास्त होता.

मग दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं काम निघालं. ठेकेदाराचा माणूस लांब दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक ढकलत गिरणीच्या गेटसमोर आला. पाणी प्यायला थांबला तेव्हा प्रसेनजीतनं सहज विचारलं, टाकीपासून त्या दगडापतूर किती भरलं? तो म्हणाला, "चार सातशे, पावणं." प्रसेनजीतनं ते चाक मागून घेतलं, दगडापाशी ठेवलं आणि पुढं ढकलत नेलं. कमान गेली, उसाच्या गाड्या तोलायचा काटा गेला, आणि ओढ्यावरच्या मोरीच्या, म्हणजे लहान पुलाच्या, कठड्याशी पाच किलोमीटर पुरे झाले.

तो त्या कठड्यावर बसला. तीनशे मीटर. पाठीवर वजन घेऊन दमलेल्या माणसाला दीड मिनिट. चोवीस दहामध्ये दीड मिनिट मिळवलं की बरोबर ती वेळ येत होती, जिच्यामुळं त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. तिथल्या जमिनीनं, हवेनं, नशिबानं काही केलं नव्हतं. तो जितका पळत होता तितकाच पळाला होता. तो कधी पंचविसाच्या आत नव्हताच, आणि तसं सांगणारं कुणी नव्हतं.

चाक परत देऊन तो गेटवर उभा राहिला आणि कुणाला काही बोलला नाही. भरतीची पोरं सोळाशे मीटरला पळतात, ते शाळेच्या मैदानावर फितीनं मोजलेलं आहे. म्हणजे ह्या दगडानं कुणाचं नुकसान होत नव्हतं. टाकीवरचा आकडा मात्र राहत होता.

"काका?" सम्यकनं परत विचारलं. "असं का हुतं?"

"हवा," प्रसेनजीत म्हणाला. "आन दूध. तिकडं पावडरीचं दूध पितोस. हितं म्हशीचं, काढलं की तांब्यात. माझंबी असंच हुतं."

सम्यकला ते पटलं. कोल्हापूरच्या माणसाला दुधाचं कौतुक कधीही पटतं. "मग तूप नेतो संगं," तो म्हणाला आणि चहा संपवून उठला.

दुसऱ्या दिवसापासून मीनाबाईंनी डेअरीला दूध घालायचं बंद केलं. विरजण, ताक, लोणी असा सगळा कारभार सुरू झाला. कढवलेल्या तुपाचा वास दोन्ही घरांत भरला. संध्याकाळी त्या बरणी घेऊन प्रसेनजीतच्या दारात आल्या.

"भावजी, किती लागंल ओ तूप? महिन्याला दोन किलो पुरंल?"

"पुरंल," प्रसेनजीत भिंतीकडं बघत म्हणाला.

"तुमच्या वक्ताला आत्तींनी, तुमच्या आईनं, दिलं न्हवतं. घरात म्हसच न्हवती की. तरी मी तवा म्हणलो हुतो, पोराला तूप पायजे. गुडघ्याला वंगण नसल्यावर गुडघा काय करणार?" वहिनी खरोखर हळहळून बोलत होत्या. "ह्याला कमी पडू द्याचं न्हाय."

त्या गेल्यावर सोनम म्हणाली, "तोंड का असं केलंय? तूप तुमच्या वाटणीचं न्हेलं व्हय तिनं?"

प्रसेनजीतला सांगावंसं वाटलं. बायकोला नाही, धावत जाऊन वहिनींना सांगावं, ते तूप विकून टाका, पोराला तीनशे मीटर जास्त पळवा. एवढंच होतं. पण मग टाकीवरचा आकडा, गुडघा, टपरीवरचं ते वाक्य, सगळं एका दमात जाणार. आणि जाणार कशासाठी? तर आपल्याला न मिळालेली मरून टोपी जो मिळवणार, त्याच्यासाठी. सम्यक पंचविसाच्या आत नाही आला तर तोही चहा पिऊन परत येईल. मग चौकातला फलक उतरवावा लागेल. मग आण्णा त्याच्याशीही पगार आणि पाणीपाळीच बोलतील. हा विचार प्रसेनजीतला गोड वाटला, आणि गोड वाटला म्हणून स्वतःची किळस आली, आणि तरीही तो त्यानं सोडून दिला नाही.

रविवारी गावासमोर पळायचं ठरलं. गुंडूनंच ठरवलं. "रेकॉर्ड मोडायचं तर चार माणसांत मोडूया," असं त्याचं म्हणणं. टाकीपाशी केरबाआण्णा शिट्टी घेऊन खुर्चीवर बसले. दगडापाशी मंडळाची पोरं, हलगीवाला, आणि जयंतीतून उरलेलं निळ्या गुलालाचं पोतं. शिट्टी वाजली. सम्यक निघाला, आणि शेजारी प्रसेनजीतची मोटारसायकल.

अर्ध्या वाटेतच प्रसेनजीतला कळलं की आकडा आज जाणार. सम्यकचा श्वास चालीत होता, खांदे सैल, पिशवी पाठीला चिकटलेली. प्रसेनजीतच्या मनात एकामागून एक गोष्टी येऊ लागल्या. बुटाची नाडी सुटेल. पोटात कळ येईल. समोरून उसानं लादलेला ट्रॅक्टर दोन ट्रेलर घेऊन सगळा रस्ता अडवत येत होता. तो तर देवासारखा आला. पण तो जवळ येताच प्रसेनजीतच्याच अंगठ्यानं हॉर्न दाबला आणि तो दाबूनच धरला. ड्रायव्हरनं शिवी देत ट्रॅक्टर बाजूला घेतला. सम्यक एक पाऊल न चुकता पुढं गेला. आपण असं का केलं, हे प्रसेनजीतला समजलं नाही. सवय, दुसरं काय.

दगड दिसू लागला. घड्याळात तेवीस वीस. हलगी कडाडली. पोरांनी गुलालाच्या मुठी वर उचलल्या, गुंडू नाचत रस्त्यात आला. तेवीस पंचेचाळीसला सम्यकनं दगड गाठला आणि त्याची चाल ढिली पडली, हात वर गेले.

"थांबू नगंस!" प्रसेनजीत ओरडला. "पाच झालं न्हाय अजून! म्होरं पळ! मोरीपतूर पळ!"

त्या घडीला त्याच्या मनात सम्यकचं भलं नव्हतं. तो निळा रंग त्या डोक्यावर पडताना आपल्याला बघायला लागू नये, एवढंच होतं. त्यासाठी हाताशी जे होतं ते त्यानं फेकलं, आणि हाताशी नेमकं खरं होतं.

सम्यक फौजी होता. हुकूम कानावर पडला की पाय विचारत नाहीत. मोडलेली चाल त्यानं परत धरली आणि हात वर केलेल्या पोरांमधून पुढं गेला. पण अंगात काही उरलं नव्हतं. दगडापाशी संपायचं म्हणून त्यानं सगळं दगडापाशी संपवलं होतं. उसाच्या काट्यापाशी तो वाकला, मोरीच्या कठड्याला हात लावला आणि तिथंच ओकला.

"किती?" तो खाली बसून म्हणाला.

"पंचवीस वीस."

सम्यकनं मान वर केली. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. पलटणीत तो नेहमी ह्याच आकड्यावर येऊन आपटत होता.

तोवर मंडळ धावत पोचलं. गुंडूच्या मुठीतला गुलाल घामानं चिखल झाला होता. "काका, ह्यो काय प्रकार? रेकॉर्ड मोडलं म्हणून रस्ता लांबवला व्हय?"

"दगड चुकीचा हाय," प्रसेनजीत म्हणाला.

"आजवर बरोबर हुता, आन आज पोरगं म्होरं गेलं तर चुकला?"

"जळायला लागलाय म्हातारा," मागून कुणीतरी म्हणालं. प्रसेनजीत चाळिशीही ओलांडलेला नव्हता, पण त्यानं ते तसंच घेतलं. त्यातलं जळणं खरं होतं.

केरबाआण्णा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. "माझी मोजणी चुकीची?" त्यांनी उतरायच्या आत विचारलं.

"आण्णा, म्हशीचं पुढचं चाक," प्रसेनजीत म्हणाला. "ल्हान हुतं की. काटा ज्यादा फिरायचा. ह्यो दगड चार सातशेवर हाय. मी चाकानं मोजलंय, ठेकेदाराच्या."

गावात प्रत्येकानं कधी ना कधी त्या चाकावरून आण्णांची चेष्टा केली होती, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गुंडूनं ओठ हलवत मनात हिशेब जमवला. मग म्हणाला, "म्हणजे तुमचं चोवीस दहा..."

"तेबी चार सातशेचंच."

"आन गुडघा?"

प्रसेनजीतनं उजवा पाय उचलून गुडघा दोनदा वाकवला. "गुडघ्याला काय झालेलं न्हाय. कधीच न्हवतं झालं."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बाकीचेही. हलगीवाल्यानं हसता हसता दोन टोले दिले. आण्णा मात्र मोरीकडं काठी दाखवत म्हणाले, "पाच किलोमीटर तिथंच हाय, मी पुरलाय त्यो दगड. ही मोरी इकडं सरकली आसंल."

सम्यक हसला नाही. तो उठून काकासमोर उभा राहिला. "कवापास्नं म्हाईत हाय तुमाला?"

"रस्ता रुंद केला तवापास्नं."

"मी चहा पिताना विचारलं हुतं."

"व्हय."

"तुमी दूध म्हणालासा."

"व्हय."

सम्यकनं पिशवी उचलली आणि उसाच्या कडेनं गावाकडं चालू लागला. दुपारी मीनाबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत. तुपाची बरणी उंबऱ्यावर आपटल्यासारखी ठेवून म्हणाल्या, "घ्या भावजी. आता ह्ये तुमीच खावा. वंगण तुमालाच पायजे," आणि निघून गेल्या. ती बरणी संध्याकाळपर्यंत तिथंच होती. ती ओलांडून आत-बाहेर करावं लागत होतं, आणि सोनमनं मुद्दाम ती उचलली नाही.

टपरीवर पाहुण्यांना सांगायचं ते वाक्य बंद झालं. टाकीवरचा आकडा कुणी पुसला नाही, पण मंडळाच्या एकानं त्यापुढं कोळशानं 'चार सातशे' लिहिलं. प्रसेनजीत त्या रस्त्यानं जाताना आधी मान खाली घालायचा, मग एकदा त्यानं वर बघितलं. अक्षर वाईट होतं, बाकी चूक नव्हती.

दोन पहाटा सम्यक आला नाही. तिसऱ्या पहाटे तो बूट बांधून अंगणात उभा होता.

"मला तुमचं तोंड बघायचं न्हाय," तो म्हणाला. "पर घड्याळ धरणारा दुसरा कोण न्हाय गावात."

"चल," प्रसेनजीत म्हणाला.

रजेचे थोडेच दिवस उरले होते. आता मोरीपर्यंत पळायचं. पहिल्याच दिवशी प्रसेनजीतला दिसलं की पोरगं सुरुवातीला फार पेटतं. दगडापाशी संपायची सवय अंगात मुरली होती, त्यामुळे विहाराच्या वळणाला तो निम्मा दम खर्च करून बसायचा. "सुरवातीला आवर," प्रसेनजीत मोटारसायकलवरून ओरडायचा. "कुणी मागं लागलंय व्हय? दगड दिसला की समज, आता लढाई चालू झाली. त्याच्या अलीकडं नुसतं चालत ऱ्हायाचं." सम्यक त्याच्याकडं बघायचा नाही, पण ऐकायचा. रोज काही सेकंद कमी होत.

आणि हे सांगताना प्रसेनजीतला दरवेळी स्वतःचं पळणं आठवायचं. तोही असाच सुरुवातीला पेटायचा. अगदी असाच. त्या वेळी कुणी मोटारसायकलवरून त्याला ओरडलं नव्हतं, कुणी मोरी दाखवली नव्हती. आतापर्यंत त्याला वाटायचं, आपण सम्यकच्या पायांवर जळतो. तसं नव्हतं. पाय तर त्याचेही बरे होते. सम्यकला प्रसेनजीत मिळाला होता, आणि प्रसेनजीतला कुणी मिळालं नव्हतं. ह्यावर काही उपाय नव्हता. आपणच आपला हेवा करावा अशी ती गत होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी धुकं होतं. उसाचे तुरे तेवढे वर दिसत होते. विहाराचं वळण सम्यकनं संथपणे घेतलं. दगड आला तेव्हा प्रसेनजीतनं नुसतं घड्याळ बघितलं. सम्यकनं दगडाकडं पाहिलंही नाही, पण त्याचे खांदे पुढं झुकले आणि बुटांचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. कमान, उसाचा काटा, मोरी. कठड्यावर त्याचा हात पडला आणि प्रसेनजीतचा अंगठा बटणावर.

सम्यक कमरेवर हात ठेवून श्वास गोळा करत होता. धुक्यात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"किती?"

प्रसेनजीतनं आकडा बघितला आणि मूठ मिटली. आत्ता, ह्या क्षणी, ही वेळ फक्त त्याला माहीत होती. अजून ती कुणाचीच नव्हती. त्याच्या मनात आलं, काही सेकंद वाढवून सांगितले तर? पोरगं खचेल, उद्या तसाच गाडीत बसेल. कुणाला कधी कळणार नाही. हा विचार पूर्ण होईपर्यंत तो थांबला.

"काका, सांगा की! किती झालं?"

"चोवीस बावन," प्रसेनजीत म्हणाला.

सम्यकनं त्याच्याकडं बघितलं. खरं-खोटं तपासत होता. प्रसेनजीतनं घड्याळ गळ्यातून काढून त्याच्या हातात दिलं. सम्यकनं ते डोळ्याजवळ नेलं, मग मोरीच्या कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"उद्या जाताना माझ्या दारावरनं जाऊ नगंस," प्रसेनजीत म्हणाला. "मागच्या बोळातनं जा. मला बघवायचं न्हाय."

सम्यक हातांआडून हसला. त्याला वाटलं, काका चेष्टा करतायत. प्रसेनजीतनं त्याच्या पाठीवरची वाळूची पिशवी सोडवून मोटारसायकलच्या टाकीवर घेतली आणि किक मारली.